मोठं कोण, नर की मादी? भिंतीच्या कामाच्या नोंदी

३ जून

काम पक्कं झालं. प्रदर्शनातली एक भिंत आमच्या वाट्याला आली आहे, नऊ मीटर लांब आणि तीन मीटर उंच. तिच्यावर पक्ष्यांच्या वीस जोड्या लावायच्या. नर-मादी शेजारी-शेजारी, काळ्या पुठ्ठ्यातून कापलेले, खऱ्या मापाचे. रंग नाही, पिसांचा तपशील नाही. रंग दिला की लोक रंगच बघतात, आकाराकडे कोणाचं लक्ष जात नाही. डाव्या टोकाला नर सगळ्यात वरचढ असलेली जोडी, उजव्या टोकाला मादी सगळ्यात वरचढ असलेली. प्रत्येक जोडीखाली चाळीस शब्द. मजकूर आणि आकडे माझ्याकडे, चित्रं आणि कापणी चित्रकार मित्राकडे.

वहीच्या पहिल्या पानावर सलामीचं वाक्य लिहून टाकलं: ‘बहुतेक पक्ष्यांत नर मोठा असतो, शिकारी पक्षी तेवढे अपवाद.’ सध्या पेन्सिलीने. शाई नंतर.

५ जून

तक्ता उघडला. आधी प्रश्न, मोजायचं काय? लांबी सगळ्या पुस्तकांत मिळते म्हणून तीच घेऊ म्हटलं आणि पहिल्याच ओळीत अडकलो. मोर. चोचीपासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत मोजला तर दोन मीटरच्या आसपास, लांडोर त्याच्या निम्मी. वजन बघा: मोर ४ ते ६ किलो, लांडोर पावणेतीन ते ४ किलो. म्हणजे मोर दीडपटीच्या आसपास जड, आणि त्याची उरलेली सगळी ऐट पिसांची. लांबीवर गेलो असतो तर मोर भिंतीच्या डाव्या टोकाला जाऊन बसला असता आणि ते साफ चुकीचं झालं असतं.

तेव्हा वजन. पण वजनही काही सरळ माणूस नाही. पोटात अंडं असलेली मादी तोलली तर आकडा फुगतो. स्थलांतराच्या तोंडावर चरबी साठवलेला पक्षी तोलला तरी फुगतो. त्यात पुस्तकांना पल्ले द्यायची हौस. ग्रेट बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा युरोप-आशियातला भाऊबंद: नर ६ ते १८ किलो. आता यातला कुठला नर मी भिंतीवर लावू? मधला बारा किलोचा घेतला तर तो कदाचित कुठल्याच माळावर नसेल, कारण पल्ल्याचा मध्य म्हणजे सरासरी नव्हे.

नियम लिहून ठेवले. पूर्ण वाढ झालेले पक्षीच घ्यायचे. नर आणि मादीचे आकडे शक्यतो एकाच भागातले असावेत. जिथे सरासरी मिळते तिथे सरासरी, मिळत नसेल तर ती जात भिंतीवर नको.

९ जून

एक दिवस टक्केवारीने खाल्ला. नर १५० ग्रॅम, मादी १००. नर ५० टक्के मोठा की मादी ३३ टक्के लहान? दोन्ही बरोबर, आणि वाचणाऱ्याच्या मनात उमटणारी चित्रं दोन. मी गोळा केलेल्या नोंदींत काही आकडे पहिल्या पद्धतीचे, काही दुसऱ्या, आणि कोणते कुठले हे निम्म्या ठिकाणी लिहिलेलंच नाही. म्हणजे तीन दिवसांचं टिपण पुन्हा तपासणं आलं.

यावर अभ्यासकांचे तोडगे आहेत. १९६६ मध्ये स्टोरर यांनी फरकाला दोघांच्या सरासरीने भागायची पद्धत मांडली. ती दोन्ही बाजूंना सारखं वागवते. १९९२ मधली लव्हिच आणि गिबन्स यांची पद्धत मोठ्याला लहानाने भागते, त्यातून एक वजा करते, आणि मादी मोठी असेल तर उत्तर अधिक, नर मोठा असेल तर उणे धरते. भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच नकोय. मी ‘पट’ घेतली: जडाचं वजन भागिले हलक्याचं वजन, आणि जड कोण ते शब्दांत. ग्रेट बस्टर्ड: नर मादीच्या सुमारे २.५ पट. एवढं लोकांना कळतं.

हाच आकडा पक्ष्यांत नराच्या बाजूने जवळजवळ कळस आहे. त्याच्या आसपास पोचणारा एक पक्षी मात्र मला अजिबात अपेक्षित नव्हता: ऑस्ट्रेलियातला ब्राउन साँगलार्क. गवतातला मातकट, साधा गाणारा पक्षी, आणि नर मादीच्या सुमारे २.३ पट! बस्टर्डशेजारी तो लावला की माणसं थबकणार.

१२ जून

आज गोंधळ झाला, आणि चूक माझीच.

मित्राला यादी पाठवताना मी फक्त वजनं दिली होती. कॅपरकेली, उत्तर युरोपातला मोठा रानकोंबडा: नर सुमारे ४ किलो, मादी सुमारे २. नराची लांबी आम्ही ८५ सेंटिमीटर धरली होती. मादी निम्म्या वजनाची, म्हणून पठ्ठ्याने ती ४२ सेंटिमीटरची कापून आणली. टेबलावर दोन्ही ठेवले तर कोंबडा आणि त्याचं पिल्लू वाटावं.

“तूच म्हणालास ना निम्मी?”

“वजनाने निम्मी.”

“मग?”

मग कागद काढला. लांबी निम्मी झाली की रुंदीही निम्मी होते आणि जाडीही. वजन अर्ध्याच्या अर्ध्याच्या अर्ध्यावर येतं, म्हणजे आठव्या हिश्शावर. त्याने कापलेली मादी अर्ध्या किलोची होती. वजन निम्मं हवं तर लांबी साधारण ०.७९ पट ठेवावी लागते, दोनाच्या घनमुळाचा हिशोब. त्या हिशोबाने मादी ६७ सेंटिमीटरची येते. पुस्तक उघडलं तर खरी मादी ६० च्या आसपास! म्हणजे माझा हिशोबही तंतोतंत नाही, कारण नराचं शेपूट आणि मान अंगाच्या मानाने मोठी. मादी ही नराची सरसकट छोटी प्रत नसते. तेव्हा नवा नियम: लांबी हिशोबाने काढायची नाही, मोजलेली घ्यायची. वजन फक्त मजकुरात आणि क्रम लावायला.

पण या गणिताने एक वेगळीच चिंता लावून दिली. दुप्पट वजनाचा पक्षी, अंगाची ठेवण तीच असेल तर, लांबीने जेमतेम २६ टक्के मोठा. अडीचपट वजनाचा ३६ टक्के. भिंतीवर हे दिसणार ‘थोडा मोठा’ एवढंच. ज्या फरकासाठी सगळा खटाटोप, तो डोळ्यांना निम्माशिम्माच कळणार.

मित्राने संध्याकाळी यावर उपाय काढला, आणि चांगला काढला. वाळूच्या पुरचुंड्या. प्रत्येक जोडीखाली कापडाच्या दोन पिशव्या, एक नराच्या वजनाची, एक मादीच्या. डोळ्यांना जे कळत नाही ते हाताला कळेल. बस्टर्डची पिशवी कोण उचलणार हा प्रश्न आहे, पण ते बघू.

कापलेली छोटी मादी टाकून दिली नाही. कार्यशाळेच्या दारावर लावली आहे, मला डिवचायला.

१७ जून

शिकारी पक्षी. हा भाग सगळ्यात सोपा जाईल असं वाटलं होतं.

दिशा जुन्या लोकांना पक्की ठाऊक होती. बाजदारांच्या बोलीत नर-मादीला नावंच वेगळी: बाज ती मादी, तिचा नर जुर्रा. बाशा मादी, नर बाशीन. शिक्रा मादी, नर चिपका. म्हणजे जातीचं मानाचं नाव मादीकडे, आणि नराला किरकोळ नाव. युरोपातल्या बाजदारांचा नरासाठीचा शब्द ‘टियर्सेल’, त्याच्या मुळाशी ‘तिसरा’. नर मादीहून एक तृतीयांशाने लहान असतो म्हणून, अशी त्याची एक फोड देतात. ज्यांना रोज हातावर पक्षी घ्यायचा त्यांना तक्त्याची गरज नव्हती.

भिंतीसाठी बाशा घेतला, म्हणजे युरेशियन स्पॅरोहॉक. नर ११० ते १९६ ग्रॅम, मादी १८५ ते ३४२. दोन्ही पल्ले टोकाला एकमेकांना जेमतेम शिवतात. सर्वांत भरलेला नर आणि सर्वांत हडकुळी मादी एकाच तागडीत बसतील, बाकी कोणी नाही. सरासरी धरली तर सुमारे १५० आणि २६०. पिशव्या आजच भरून बघितल्या, एक या हातात, एक त्या हातात. फरक लगेच कळतो. नर चिमण्या, टिट, फिंच असले छोटे पक्षी मारतो. मादी कस्तुर, मैनेएवढे पक्षी घेते, कधी कबूतरही पाडते. एकाच घरट्यात दोन वेगळ्या मापांचे शिकारी.

आता कारण. इथे मी दोन दिवस घालवले आणि शेवटी चाळीस शब्दांत काही बसवलं नाही. मुद्दे खूप आहेत. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं मादीकडे, त्या काळात शिकार आणणं नराकडे. छोटा नर चपळ, कमी खाऊन जास्त उडणारा, म्हणून तो लहान राहिला असेल. मोठी मादी घरटं राखायला आणि उपासमारीत टिकायला बरी, म्हणून ती मोठी झाली असेल. दोघं वेगवेगळं भक्ष्य मारतात म्हणून भांडण टळतं, हाही एक मुद्दा. यातला कुठला खरा? मला वाटतं ‘नर का लहान झाला’ हा प्रश्न ‘मादी का मोठी झाली’ यापेक्षा जास्त कामाचा आहे; पण ते माझं मत, भिंतीवर नको.

भिंतीवर जे जाईल ते एवढंच: भक्ष्य जितकं चपळ, तितका फरक मोठा. उडते पक्षी धरणाऱ्या ससाण्यांत आणि बाशांत तो सर्वाधिक. उंदीर-सरडे खाणाऱ्यांत कमी. मेलेल्यावर जगणाऱ्या गिधाडांत जवळपास नाहीच. आणि अँडीजच्या काँडोरमध्ये तर उलटं, नर मादीपेक्षा चांगलाच जड. मेलेली गाय पळत नाही.

घुबडं, आणि स्कुआ, फ्रिगेट पक्षी हे दुसऱ्यांचे मासे हिसकावणारे समुद्रपक्षी, या सगळ्यांतही मादी मोठी. बहिरी ससाण्याचं आणि घुबडाचं नातं फार लांबचं, तरी दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचले. सलामीच्या वाक्यातला ‘शिकारी पक्षी’ हा शब्द आत्ताच डगमगायला लागलाय. फ्रिगेट पक्ष्याला शिकारी म्हणायचं का? लुटारू म्हणता येईल.

२१ जून

एका संग्रहातले पेंढा भरलेले जुने नमुने बघायला मिळाले. पंखाचं माप घ्यायला टोकाला आडवी पट्टी असलेली मोजपट्टी लागते: मिटलेल्या पंखाचा सांधा त्या आडव्या पट्टीला टेकवायचा आणि सर्वांत लांब पिसाचं टोक कुठे येतं ते वाचायचं. पंख नुसता ठेवून वाचला तर एक आकडा, दाबून सपाट केला तर दोन-तीन मिलिमीटर जास्त. आणि नमुना वाळला की पंख थोडा आखडतो, हेही हिशोबात धरायचं. तासाभरात माझाच हात मला फसवतोय हे कळलं: तोच नमुना दोनदा मोजला, दोनदा वेगळा.

पण खरी अडचण मापाची नव्हती. एका शिक्र्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘मादी’ आणि शेजारी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकणाऱ्याला मनातून सलाम. कारण त्या मापाच्या कित्येक चिठ्ठ्यांवर नुसतंच ‘मादी’ असतं आणि ते कशावरून ठरवलं याचा पत्ता नसतो. पोट उघडून अंडाशय बघितला असेल तर प्रश्न मिटला. पण ‘मोठा आहे म्हणजे मादी’ असं ठरवलं असेल, तर पुढे कोणी त्याच चिठ्ठ्यांवरून ‘माद्या मोठ्या असतात’ असं सिद्ध करतो तेव्हा तो स्वतःच्याच शेपटीमागे धावत असतो. मोठे नर माद्यांत जमा, छोट्या माद्या नरांत जमा, आणि मधलं सगळं कुरण साफ. फरक आहे त्याहून स्वच्छ दिसतो.

आता रक्ताचा थेंब किंवा पिसाचं मूळ पुरतं. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. सीएचडी नावाचा जनुक दोन्हींवर आहे, पण त्यातला एक तुकडा झेडवर एका लांबीचा आणि डब्ल्यूवर दुसऱ्या. प्रयोगशाळेत तो तुकडा वाढवून बघितला की नरात एक पट्टा, मादीत दोन. १९९८ पासून ही पद्धत सर्रास झाली. शहामृगासारख्या न उडणाऱ्या थोराड पक्ष्यांत ती चालत नाही, त्यांचे झेड आणि डब्ल्यू अजून फारसे वेगळे झालेले नाहीत.

माझ्या तक्त्यात नवा रकाना: लिंग कशावरून ठरवलं. चार जाती या रकान्याने गारद केल्या. जीवावर आलं, त्यातली दोन घुबडं होती.

२६ जून

आजचा दिवस चांगला. तक्त्यातल्या दोन ओळी एकमेकींखाली आल्या आणि मला जे कळत नव्हतं ते कळलं.

माळढोक: नर मादीच्या दुपटीच्या आसपास. तणमोर: मादी नरापेक्षा जड. कुळ एकच, राहणी एकच, दोघंही गवताळ माळावरचे, दोघांतही नर एकेकटे आणि माद्या आपल्या आपण पिल्लं वाढवणाऱ्या. मग उलटं का? दोघांचं प्रियाराधन आठवा. माळढोकाचा नर जमिनीवर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून खाली सोडतो, शेपटी उभारतो आणि घुमतो. मिरवायचं ते आकारमान. तणमोराचा नर उंच गवतातून सरळ वर उडी मारतो, गवताच्या वर क्षणभर दिसतो आणि पडतो. विणीच्या दिवसांत रोज शेकडो वेळा. बारा किलोचा तणमोर असता तर तिसऱ्या उडीला बसला असता! बंगाल फ्लोरिकनही हवेत उडून मिरवतो, तिथेही मादी मोठी. २००६ मध्ये बस्टर्डांच्या अख्ख्या कुळावर असा अभ्यास झाला: जमिनीवर मिरवणाऱ्यांत नर भारी, हवेत कसरत करणाऱ्यांत फरक कमी किंवा उलटा. किनाऱ्यावरच्या चिखल्या-तुतवारांतही तोच ताळा.

नराने नराशी झुंजून माद्या मिळवायच्या आणि त्यासाठी अंग वाढवायचं, हे डार्विनने १८७१ मध्ये मांडलं. त्यात खोट नाही. पण स्पर्धा हवेत असेल तर तीच स्पर्धा नराला लहान करते. मी आजवर ‘स्पर्धा म्हणजे मोठेपणा’ असं गृहीत धरून बसलो होतो.

दोघांना भिंतीवर शेजारी लावायचं का? क्रमाने गेलं तर एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये पाच मीटर. मित्र म्हणतो, जमिनीवरून दोरी काढू, इथून तिथपर्यंत. हो म्हटलं.

उजव्या बाजूला कमळपक्षीही. तिथलं कारण पुन्हा निराळं. मादी तळ्याचा तुकडा ताब्यात ठेवते, त्यातल्या एकेका नराला अंडी घालून देते आणि पुढच्याकडे जाते. तरंगत्या पानांवर अंडी उबवायची, पिल्लं पंखाखाली उचलून न्यायची, हे सगळं नर करतो. नरांसाठी माद्या एकमेकींशी भांडतात आणि मादी नराच्या दीडपटीहून जड. रंगीत पाणलाव्यातही मादी मोठी आणि ठसठशीत रंगाची, नर फिकट. बाशा आणि कमळपक्षी भिंतीवर एकाच बाजूला येणार, पण बाशाच्या घरात नवरा-बायको मिळून संसार करतात. दिशा एक, वाटा दोन. हे वाक्य कापलं, फार गोड झालं.

३० जून

न्यूझीलंडचा दिवस.

हुइया आधी यादीत होता, आज काढला. नर आणि मादीच्या चोचींत इतका फरक की १८३० च्या दशकात जॉन गूल्ड यांनी दोन वेगळ्या जाती म्हणून नावं दिली: नराची सुमारे ६ सेंटिमीटरची, जाड, लाकूड फोडायला बरी, मादीची १० सेंटिमीटरची बारीक बाकदार. १९०७ नंतर तो खात्रीने कोणी पाहिलेला नाही. पण हा फरक चोचीचा, अंगाचा नव्हे. भिंतीचा विषय अंग आहे. मित्र नाराज, त्याने चोच कापूनही ठेवली होती.

त्याऐवजी मोआ. नामशेष झालेला, न उडणारा. हाडांच्या मापांवरून राक्षसी मोआच्या तीन जाती मानल्या जात होत्या, मोठी, मधली, लहान. २००३ मध्ये हाडांतल्या डीएनएवरून नर-मादी ओळखले, तर ‘मोठ्या जाती’तले सगळे मादी निघाले आणि ‘लहान जाती’तले सगळे नर. सगळ्यात मोठ्या माद्या सगळ्यात मोठ्या नरांच्या दीडपट उंच आणि २.८ पट जड. ज्याला लोक जातींमधला फरक समजत होते तो नवरा-बायकोतला होता. आमच्या भिंतीचं उजवं टोक सापडलं.

मादीच्या पाठीची उंची सुमारे २ मीटर. मान ताणून उभी केली तर ३.६ मीटरपर्यंत, आणि भिंत ३. मान पुढे झुकलेली काढायची. तसंही हे पक्षी मान पुढे धरूनच चालत असावेत असं अलीकडचे अभ्यासक मानतात. पिशवी नाही. दोनशे किलो वाळू कोण आणणार?

४ जुलै

रफ या पाणथळीतल्या पक्ष्याने जोडी ही कल्पनाच मोडीत काढली.

नर सुमारे १८० ग्रॅम, मादी ११०. इथपर्यंत ठीक. पण नर तीन तऱ्हेचे. बहुसंख्य नर गडद गळपट्ट्याचे, जागा राखून झुंजणारे. काही फिकट गळपट्ट्याचे, जागा न राखता त्यांच्या आजूबाजूला वावरणारे. आणि शंभरात एखादा ‘फेडर’: गळपट्टा नाही, दिसायला मादीसारखा, आकाराने नर आणि मादीच्या मधला. २००६ मध्ये त्याच्याबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं गेलं. पुढे कळलं की गुणसूत्राचा शंभराहून जास्त जनुकांचा एक तुकडा उलटा बसल्याने हे सगळं घडतं, आणि तो उलटा बसून अडतीस लाख वर्षं झाली असावीत. म्हणजे फेडर जन्मतःच फेडर. मोठा होऊन गळपट्टेवाला होत नाही.

सरासरी नर काढताना हे तिन्ही एकत्र मिसळले की आकडा कोणाचाच राहत नाही. भिंतीवर तीन छायाकृती लावायच्या: नर, फेडर, मादी. चाळीस शब्द ओलांडून पंचावन्न झाले. राहू देत.

८ जुलै

हमिंगबर्ड लवकर उरकला. बी हमिंगबर्ड: नर १.९५ ग्रॅम, मादी २.६. पुठ्ठ्यात कापायला मित्राने सर्जिकल ब्लेड वापरलं, तरी नराची चोच दोनदा तुटली.

मोठ्या हमिंगबर्डांत मात्र नर मोठा. बर्नहार्ड रेन्श यांचा १९५० मधला नियम इथे चपखल बसतो: नर मोठा असलेल्या गटांत जात जितकी मोठी तितका फरक वाढतो, मादी मोठी असलेल्या गटांत उलट. घुबडांना हा नियम नीट लागू पडत नाही. नियम भिंतीवर नको, आधीच खूप झालंय.

११ जुलै

कच्ची मांडणी जमिनीवर करून बघितली. साफसफाईला आलेल्या बाई काम थांबवून बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, “दादा, मध्ये काहीच नाही का?”

खरंच नव्हतं. डावीकडे बस्टर्ड, साँगलार्क, कॅपरकेली, मोर. उजवीकडे मोआ, कमळपक्षी, बाशा. मध्ये दीड मीटर रिकामी फरशी. वीस जोड्या निवडताना मी प्रत्येक वेळी ‘फरक किती दणदणीत’ एवढंच बघितलं होतं. फरक नसलेली जोडी कंटाळवाणी, म्हणून पुढे. त्यामुळे आमची भिंत बघणारा माणूस घरी जाणार तो पक्ष्यांत नर-मादी म्हणजे हत्ती आणि ससा असं समजून.

वस्तुस्थिती अशी की बहुतेक जातींत फरक जेमतेम. नर किंचित वरचढ, पण इतका किंचित की पक्षी हातात असला तरी वजनावरून सांगता येऊ नये, कारण दोघांचे पल्ले एकमेकांवर जवळजवळ पूर्ण चढलेले. कावळे, बुलबुल, चिमण्या, वटवटे. जगातल्या निम्म्याहून जास्त जाती चिमणीवर्गीय पक्ष्यांच्या, आणि त्यातल्या बहुतेक इथे, मधल्या दीड मीटरमध्ये.

रात्री सलामीचं वाक्य खोडलं. आता: ‘बहुतेक पक्ष्यांत नर आणि मादी जवळपास एकाच मापाचे. ही भिंत उरलेल्यांची आहे, मधला भाग सोडून.’ अजून पेन्सिलीनेच.

१३ जुलै

यादी मोडली. वीसपैकी सहा जोड्या काढल्या, मधल्या भागासाठी नऊ घेतल्या. काढलेल्यांत बूबी पक्षी गेला, धनेश गेला. मित्र दोन दिवस बोलणार नाही म्हणाला आणि तासाभराने ब्लेड मागायला आला.

मधल्या नऊ जोड्या कापणं अवघड निघालं. मोआ कापताना सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी चालतं. चिमण्यांत नराचा पंख सरासरीने दोन-तीन मिलिमीटर लांब, वजन जवळपास सारखंच. ब्लेडची एक चूक आणि चिमणी चिमण्यापेक्षा मोठी. पिशव्या भरताना मी दोन्हींत सारखीच वाळू घातली.

१८ जुलै

लावणी. कमळपक्ष्यापर्यंत सुरळीत. माळढोक ते तणमोर दोरी लावली. एक मुलगा तिच्यावरून पाय टाकत दोनदा इकडून तिकडे गेला, तेव्हा ती जमिनीला चिकटपट्टीने पक्की केली. बाशाची पिशवी आत्ताच एकाने उसवली.

मधल्या भागाचं खोकं पायऱ्यांवर सांडलं. छायाकृती शाबूत, पण सगळ्या मिसळल्या. बुलबुल आकारावरून वेगळे काढले, कावळे काढले. चिमण्यांची जोडी शेवटी हातात राहिली. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. रंग असता तर एका नजरेत कळलं असतं. मित्राने एक हातात घेतली, मग दुसरी, दोन्ही एकावर एक धरून उजेडात बघितल्या.

“यातला चिमणा कुठला?”

“तू कापलायस, तू सांग.”

मोजपट्टी लावली. एकीचा पंख ७५, दुसरीचा ७७. मग त्यानेही मोजलं, त्याला दोन्ही ७६ आले. जी मला मोठी आली होती तिच्या मागे पेन्सिलीने ‘नर’ लिहिलं, शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं, आणि लावून टाकली.